लुबंटूवर सी कंपायलर: बसवायला गेलो तर तोच कंपायलर मागतोय

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम. त्यावर भाच्याने लुबंटू २४.०४ टाकून दिलं आणि तो पुण्याला नोकरीवर रुजू झाला. मशीन मस्त चालतंय, त्याबद्दल तक्रार नाही.

आता हिला सी चे प्रोग्रॅम घरी करून बघायचे आहेत. तिने जीएनयूच्या साइटवरून जीसीसी या सी कंपायलरची (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवतो तो) भली मोठी टार फाइल उतरवली, उलगडली, आतल्या सूचना वाचून 'कॉन्फिगर' चालवलं. तर उत्तर काय आलं? "नो अ‍ॅक्सेप्टेबल सी कंपायलर फाउंड." अहो, कंपायलर असता तर तो उतरवला कशाला असता?

नेहमीचा दुकानदार म्हणतो, काका, विंडोज टाकून देतो, अर्ध्या तासात सगळं चालू. पण ते मशीन विंडोजने पार बसून गेलं होतं, म्हणूनच तर लिनक्स आलं. तर (१) रीतसर मार्ग कोणता? (२) कॉलेजात टर्बो सी हा जुना कंपायलर वापरतात, तिथले प्रोग्रॅम यावर चालतील का? मी बँकेतून निवृत्त आहे, त्या हिशोबाने समजावून सांगा.

जिरावण
विंडोज टाका आणि पोहे खायला चला. 😄

मालव_टक्स
जिरावणकडे लक्ष देऊ नका, तो दर धाग्यावर हेच लिहितो.

काका, मुलीने काही वावगं केलं नाही, विंडोजच्या सवयीप्रमाणे केलं. तिथे एखादी गोष्ट हवी असली की तिच्या साइटवर जायचं आणि सेटअप उतरवायचा. लिनक्सवर साइटवर जायचंच नाही. तुमच्या लुबंटूचं स्वतःचं भांडार असतं, तिथे सगळं तयार, तपासलेलं आणि एकमेकांशी जुळणारं ठेवलेलं असतं. तिने उतरवला तो जीसीसीचा सोर्स कोड, म्हणजे अजून कंपाइल व्हायचा मूळ मजकूर. तो जीसीसी बनवणाऱ्यांसाठी, वापरणाऱ्यांसाठी नाही.

टर्मिनल उघडा (कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम). मग दोन ओळी. मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल

सुडो म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकाराने. पहिली ओळ भांडाराची यादी ताजी करते, दुसरी सामान आणते. नुसतं जीसीसी मागण्याऐवजी बिल्ड-इसेन्शियल मागायचं कारण असं की त्यात जीसीसी, सी++ साठी जी++, मेक आणि मुख्य म्हणजे सी लायब्ररीच्या हेडर फाइल्स (तयार फंक्शनांची ओळख देणाऱ्या) असतात. त्या नसल्या तर कंपायलर असूनही "एसटीडीआयओ डॉट एच सापडत नाही" म्हणून पहिल्याच ओळीवर गाडी अडते.

झालं की 'जीसीसी', स्पेस, दोन डॅश आणि 'व्हर्जन' टाइप करा. २४.०४ वर १३ च्या मालिकेतला आकडा दिसेल. दिसला की काम फत्ते.

अवंती_कु
एक भर. जीसीसीच्या साइटवर १३ पेक्षा नवी आवृत्ती दिसली म्हणून मुलीचा जीव खालीवर होईल. होऊ देऊ नका. पहिल्या वर्षाच्या एकाही प्रोग्रॅमला त्याची गरज नाही.

ग्वाल्हेरी_तडका
मला तो प्रश्न लहानपणापासून छळतोय. कंपायलर बनवायला कंपायलर लागतो, तर पहिला कुठून आला? कुणी सांगेल का? (काकांचं काम तर होईलच.)

सुदामानगरकर
मालव_टक्स, फार आभार. पण अडलं. सुडोच्या ओळीनंतर पासवर्ड विचारतो आणि कीबोर्ड बंद पडतो. काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. बाकी ठिकाणी कीबोर्ड ठीक चालतोय.

जिरावण
काका, कीबोर्ड ठीक आहे. तो लाजतोय.

मालव_टक्स
उमटत नाही, पण टाइप होतं. मागे उभ्या असलेल्या माणसाला पासवर्ड किती अक्षरांचा आहे तेवढंही कळू नये म्हणून ही सोय. डोळे मिटून टाइप करा, एंटर मारा.

सुदामानगरकर
गेला आत! पण आता "वेटिंग फॉर कॅश लॉक" असं काहीतरी लिहून बसलाय. मघापासून तेच.

बडोदेकर_नि
लॉक फाइल उडवा. सुडो आरएम करून ती फाइल डिलीट करा आणि पुन्हा चालवा. मी नेहमी तेच करतो.

अवंती_कु
काका, कृपया तसं करू नका. त्या ओळीच्या शेवटी कंसात कोणाचं नाव आहे ते वाचा. बहुतेक 'अनअटेंडेड-अपग्रेड' असेल. मशीन सुरू झाल्यावर लुबंटू आपणहून सुरक्षेचे अपडेट घेतं, तेव्हा दुसऱ्या कुणी मध्ये हात घालू नये म्हणून हे कुलूप. ते फोडून दोघांनी एकदम पॅकेजं बसवायला घेतली तर अर्धवट बसलेली पॅकेजं निस्तरत बसावं लागतं. चहा टाका, ते आपोआप सुटतं आणि तुमची कमांड तिथूनच पुढे चालू होते.

बडोदेकर, तुमचं आजवर निभावलं ते तुमचं नशीब.

बडोदेकर_नि
नशीब नाही, अनुभव. पण ठीक आहे, नवख्या माणसाला तुमचा सल्ला जास्त बरा.

देवासनाका
> पहिला कुठून आला?

ग्वाल्हेरी, यावर लिहायला हात शिवशिवताहेत.

अगदी सुरुवातीचे कंपायलर लोकांनी असेंब्लीत (मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत) लिहिले. एकदा एका भाषेचा कामचलाऊ कंपायलर मिळाला की पुढचा त्याच भाषेत लिहिता येतो आणि आधीच्याकडून कंपाइल करून घेता येतो. नव्या मशीनसाठी जुन्या मशीनवर बसूनही कंपायलर बांधता येतो.

जीसीसीची गोष्ट गमतीची आहे. जीएनयू सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनने आधी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला 'पेस्टल' नावाचा तयार कंपायलर हाताशी घेतला. त्याला सीचं तोंड जोडलं आणि ६८००० प्रोसेसरवर न्यायला लागला. पण त्या कंपायलरला स्टॅक (प्रोग्रॅमची तात्पुरती मेमरी) लागायचा कित्येक मेगाबाइट आणि तिथलं युनिक्स द्यायचं ६४ के! तेव्हा तो नाद सोडून नवा लिहायला घेतला आणि १९८७ मध्ये जीसीसी बाहेर आला. योगायोग बघा, बोरलँडचा टर्बो सीसुद्धा १९८७ चाच. एक त्या साली जन्मून अजून दरवर्षी नवा होतोय, दुसरा आपल्या कॉलेजांत आहे तसा जपून ठेवलाय.

आणि काकांच्या मुलीने जे उघडलं ते खरोखर बांधायला घेतलं असतं तर? आधी जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणिती लायब्रऱ्या लागतात. मग जुना कंपायलर नवा जीसीसी बांधतो, ही पहिली फेरी. तो नवा जीसीसी स्वतःलाच पुन्हा बांधतो, ही दुसरी. त्या दुसऱ्याने पुन्हा स्वतःला बांधायचं, ही तिसरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचं उत्पादन ताडून बघतात, तंतोतंत जुळलं तर पास. कारण दोन्ही फेऱ्यांत सोर्स एकच असतो, त्यामुळे बांधणारा चोख असेल तर निकाल बदलायला नको. ४ जीबीच्या जुन्या मशीनवर हे प्रकरण तासन् तास चालतं आणि डिस्क खातं ते वेगळंच. शिवाय २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून जीसीसी बांधायला सी++ चा कंपायलर लागतो. म्हणजे सीचा असता तरी भागलं नसतं.

ग्वाल्हेरी_तडका
वा! हे वाचून रात्रीचं जेवण पचलं.

सुदामानगरकर
बसला! १३ चा आकडा दिसला. मुलीने "नमस्ते इंदूर" छापायचा प्रोग्रॅम लिहिला, कंपाइल झाला, काही चूक दाखवली नाही. पण चालवायला गेलं तर "परमिशन डिनाइड". तिने आधी डॉट-स्लॅश लावायचं असतं हेही शोधून काढलं होतं. चीमॉड की काय तेही केलं, पण काही फरक पडला नाही.

मालव_टक्स
फाइल कुठे ठेवली आहे? पेनड्राइव्हवर का?

सुदामानगरकर
हो! कॉलेजात न्यायला सोपं म्हणून. तुम्हाला कसं कळलं?

मालव_टक्स
चीमॉड करूनही जैसे थे म्हणालात, तिथेच कळलं. पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ आहे. "ही फाइल चालवायची आहे" अशी खूण ठेवायला त्या पद्धतीत जागाच नाही. डेस्कटॉपवरून जोडलेल्या अशा पेनड्राइव्हवर लिनक्स फक्त ईएक्सई, कॉम आणि बॅट शेपूट असलेल्या फाइलींना चालवण्याजोगं धरतं. तुमची 'ए डॉट आउट' त्यात बसत नाही, मग चीमॉड कितीही मारा. होम फोल्डरमध्ये एक 'सी-प्रोग्रॅम' नावाचं फोल्डर करा, तिथेच लिहा, तिथेच चालवा. पेनड्राइव्हवर फक्त डॉट-सी फाइलची प्रत न्या.

आणि कंपाइल करताना सवय लावा: जीसीसी डॅश-वॉल नाव-डॉट-सी डॅश-ओ नाव. 'डॅश-वॉल' मुळे कंपायलर संशयास्पद जागा बोलून दाखवतो. 'डॅश-ओ' ने दरवेळी ए डॉट आउटवर ए डॉट आउट चढत नाही.

विजयनगर_वाले
एवढा उपद्व्याप कशाला? ब्राउझरमध्ये ऑनलाइन कंपायलर उघडा, कोड टाका, रन दाबा. २०२० नंतरची मुलं तेच करतात. काही बसवायचं नाही, काही बिघडायचं नाही.

देवासनाका
आणि मे महिन्यात दुपारी लाइट गेली, राउटर बंद पडला, की? इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालतो, पण ऑनलाइन कंपायलरला इंटरनेट लागतं. आमच्या भागात तर आधी नेट जातं, मग लाइट.

अवंती_कु
नेट राहू दे. फाइलमध्ये लिहिणं-वाचणं, दोन-तीन डॉट-सी फाइलींचा एक प्रोग्रॅम करणं, जीडीबीने एकेक ओळ पुढे सरकत चूक पकडणं हे आपल्या मशीनवर जेवढं अंगवळणी पडतं तेवढं त्या खिडकीत पडत नाही. प्रवासात एखादी ओळ तपासायला ऑनलाइन ठीक आहे. मी स्वतः फोनवर टर्मक्स या टर्मिनल अ‍ॅपमध्ये क्लँग हा दुसरा सी कंपायलर बसवून ठेवलाय.

विजयनगर_वाले
मान्य. पण पहिल्या सहा महिन्यांत मूल लिनक्सला कंटाळून कोडिंगलाच रामराम ठोकणार नाही याची काळजी घ्या. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

शिक्षिका_मी
मी इथल्याच एका कॉलेजात लॅब घेते, म्हणून काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. टर्बो सीवरून हसणाऱ्यांनी थोडं थांबावं. लॅब मॅन्युअल त्याच्यावर लिहिलेलं, बाहेरून येणारे परीक्षक त्यातच वाढलेले, मशीनं जुनी. एका मास्तरणीने ठरवून हे बदलत नाही.

चालेल काय आणि अडेल काय, ते सांगते.

'कॉनिओ डॉट एच' जीसीसीकडे नाही, तिथे थेट अडेल. ती ओळ काढा, 'क्लिअर-स्क्रीन' आणि 'गेट-सीएच' पण काढा. टर्बोमध्ये आउटपुट दिसायच्या आत निळा पडदा परत यायचा, म्हणून शेवटी गेट-सीएच लावून थांबवायचे. टर्मिनलमध्ये आउटपुट समोरच राहतं.

'व्हॉइड मेन' ऐवजी 'इंट मेन' आणि शेवटी 'रिटर्न ०'. हे परीक्षेत लिहिलं तर कुणी मार्क कापत नाही, निदान मी तरी नाही.

'ग्राफिक्स डॉट एच' चा एखादा प्रयोग असेल तर तो लिनक्सवर ओढूनताणून चालवत बसू नका. भांडारातून डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा) घ्या आणि कॉलेजातला टर्बो सी त्यात चालवा.

आणि तोंडी परीक्षेचा सापळा. "इंट किती बाइटचा?" टर्बोमध्ये २, तुमच्या घरच्या जीसीसीवर ४. टर्बोत ३२७६७ मध्ये एक मिळवला की आकडा उलटून उणे होतो, घरी होत नाही. तिने उत्तर द्यावं: कंपायलर आणि मशीनवर अवलंबून, टर्बोत दोन. दोन्ही पक्ष खूश.

मालव_टक्स
ताई, नमस्कार. हे प्रिंट काढून हॉस्टेलात लावायला हवं.

एक जोडतो. मॅन्युअलमधल्या जुन्या प्रोग्रॅमांत बरेचदा हेडर न देताच फंक्शन वापरलेलं असतं. जीसीसी १३ त्यावर इशारा देऊन पुढे जातो, २०२४ मध्ये आलेल्या १४ पासून ती सरळ चूक धरली जाते. त्यामुळे मुलीच्या मैत्रिणीकडे फेडोरा (दुसरं एक लिनक्स, जीसीसी नवा) असेल आणि "तुझ्याकडे चालतं, माझ्याकडे नाही" असं झालं, तर भांडू नका.

जुने_सामान
माझ्याकडे २३.१० आहे, तीच कमांड दिली तर "अनेबल टु लोकेट", "४०४" अशा ओळींची रांग लागते. नेट चालू आहे. हा धागा वाचून करत होतो.

अवंती_कु
२३.१० ची मुदत कधीच संपली. ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या आवृत्तीला फक्त नऊ महिने आधार असतो, नंतर तिचं भांडार मुख्य सर्व्हरवरून जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर हलवतात. पत्ता बदलून कंपायलर मिळेल, पण सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. सरळ २४.०४ टाका. सम वर्षाच्या एप्रिलमधली आवृत्ती एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या आधाराची असते: मूळ उबंटूला पाच वर्षं, लुबंटूसारख्या भावंडांना तीन. म्हणजे काकांचं २०२७ च्या एप्रिलपर्यंत निवांत.

सुदामानगरकर
मंडळी, मुलगी आता मला विचारत नाही, थेट हा धागा वाचते. तिचाच प्रश्न लिहितो. "वर्गमूळाच्या प्रोग्रॅममध्ये २५ आकडा थेट लिहिला तर चालतो. तोच आकडा वापरणाऱ्याकडून घेतला तर 'अनडिफाइंड रेफरन्स टु एसक्यूआरटी' येतं. मॅथ डॉट एच दोन्हीकडे आहे. असं का?"

देवासनाका
शाब्बास पोरी, चांगलं निरखलंस.

मॅथ डॉट एच म्हणजे फक्त ओळखपत्र: असं एक फंक्शन आहे, ते अमुक घेतं, तमुक देतं. प्रत्यक्ष फंक्शन गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत आहे आणि ती जोडायला कमांडच्या शेवटी 'डॅश-एलएम' लिहावं लागतं. फाइलच्या नावानंतरच, कारण लिंकर (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा) डावीकडून उजवीकडे वाचतो. अजून कुणी मागितलंच नाही तेव्हा लायब्ररी दाखवली तर उबंटूवर तो ती बाजूला ठेवून देतो.

मग २५ ला कसं चाललं? आकडा समोर दिसत असल्यामुळे कंपायलरने कंपाइल करतानाच ५ काढून लिहून टाकला. वर्गमूळाचं फंक्शन बोलवायची वेळच आली नाही.

जिरावण
म्हणजे कंपायलरने परीक्षेच्या आधीच पेपर सोडवला. आमच्या वेळी असा मित्र नव्हता.

बडोदेकर_नि
एडिटर कुठला वापरते? ४ जीबीवर ते भारी आयडीई उघडू नका. जीनी बघा, हलकं आहे, एफ५ दाबलं की चालतं. डॅश-एलएम त्याच्या बिल्डच्या सेटिंगमध्ये कायमचं टाकता येतं.

अवंती_कु
बडोदेकरांशी पहिल्यांदाच सहमत. तारीख नोंदवून ठेवा.

सुदामानगरकर
जीनी आवडलं तिला. आता शेवटचं (असं ती म्हणते). शहराचं नाव विचारणारा प्रोग्रॅम केला, नावासाठी दहा अक्षरांची जागा ठेवली. इंग्रजीत इंदूर लिहिलं तर बरोबर चालतं. तेच मराठीत लिहिलं तर "स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड" म्हणून प्रोग्रॅम मरतो. मोजून तीन अक्षरं आहेत हो!

शिक्षिका_मी
आपल्याला तीन दिसतात. युनिकोडच्या हिशोबात पाच: इ, अनुस्वार, द, ऊकार, र. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइट घेतो. झाले पंधरा, वर शेवटचा शून्य. दहाच्या जागेत सोळा कोंबले. स्टॅकची राखण करणारी खूण पुसली गेली आणि प्रोग्रॅम थांबवला गेला. उबंटूचा जीसीसी ही राखण मुळातच चालू ठेवतो. टर्बोत हेच झालं असतं तर बहुधा मुकाट्याने शेजारचा डेटा बिघडला असता.

जागा १०० ठेव आणि स्कॅनएफमध्ये नुसतं 'टक्का-एस' न लिहिता 'टक्का-९९-एस' लिही. एसटीआरएलईएन जो आकडा देतं ते बाइट असतात, अक्षरं नव्हेत. कोड मोजायचे असतील तर वाइड कॅरेक्टरची फंक्शनं आणि सेट-लोकेल बघ. त्यातही पाच येतील, तीन नाही. जोडाक्षरं आपण वाचतो तशी मोजायची असतील तर वेगळी लायब्ररी लागते, तो दुसऱ्या वर्षाचा उद्योग.

बडोदेकर_नि
बडोदापण पंधराच. बरोबरी.

ग्वाल्हेरी_तडका
आत्ता चालवून बघितलं. ग्वाल्हेर: सत्तावीस. शिंद्यांचं गाव आहे, दहाच्या जागेत मावणार नव्हतंच.

जिरावण
मान्य. पण स्वच्छतेत नंबर आमच्या इंदूरचाच.